‘सिस्टममध्ये असंच दिसतंय’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. सोबत विषयही दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. संधींबद्दल आजच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते, हे माझा भाचा मला दर आठवड्याला सिद्ध करून दाखवतो. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलला. मी आज एका चौकशीबद्दल बोलणार आहे. चौकशी इंग्लंडमधली आहे, तिथल्या पोस्ट ऑफिसची. तिची सुरुवात एका सॉफ्टवेअरपासून झाली आणि शेवटी ती वकिलांच्या टेबलावर येऊन पोचली. आमच्या बॅचमधले तिघं वकील झाले, दोघी बँकेत आहेत, एक जण पोस्टात आहे आणि आम्ही पाच-सहा जण सॉफ्टवेअरमध्ये आहोत. म्हणजे या गोष्टीतली सगळी पात्रं आमच्या एकाच वर्गात बसत होती. तेव्हा ती इथेच सांगावी असं मनात आलं.

माझं स्वतःचं काम थोडक्यात सांगते. इंजिनिअरिंग झाल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, मी पैशांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. संध्याकाळी गल्ल्यात मोजलेली रोकड आणि संगणकात दिसणारी रक्कम जुळते का, एवढाच त्या कामाचा गाभा आहे. जुळली तर सगळे घरी जातात. जुळली नाही तर प्रश्न येतो की खोटं कोण बोलतंय, माणूस की यंत्र? या प्रश्नाचं उत्तर एका देशाने पंधरा वर्षं एकाच बाजूने दिलं, त्याची ही हकीकत आहे.

ब्रिटनमध्ये पोस्टाच्या बऱ्याचशा शाखा कुणीतरी किराणा दुकानदार, कुणी कार्डं-खेळण्यांचं दुकान चालवणारी बाई, असे लोक पोस्ट ऑफिसशी करार करून चालवतात. त्यांना सबपोस्टमास्तर म्हणतात. आपल्याकडच्या खेड्यात पोस्टमास्तरांना जो मान असतो, तसाच तिथल्या गावातही असतो. पेन्शन त्यांच्याकडे, बचतीचं पुस्तक त्यांच्याकडे, बिलं भरणं त्यांच्याकडे. १९९९ पासून या शाखांमध्ये ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवायला सुरुवात झाली. ती फुजित्सूच्या मालकीच्या कंपनीने बनवलेली होती. हाताने लिहायची रोजकीर्द गेली आणि पडद्यावरचा आकडा आला.

आणि लोकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. कुणाची दोन हजार पौंड, कुणाची वीस हजार, कुणाची सत्तर हजारांवर. हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावातल्या जो हॅमिल्टन यांनी मदतीसाठी हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं तसं त्या करत गेल्या आणि डोळ्यांदेखत पडद्यावरची तूट दुप्पट झाली. ‘तूट तुम्हीच भरून द्यायची’ असं करारात होतं. घर गहाण ठेवून, नातेवाइकांकडून उसने घेऊन लोकांनी पैसे भरले. आणि हेल्पलाइनवर विचारलं की अनेकांना एकच उत्तर मिळायचं, असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, बाकी कुणाची तक्रार नाही.

मुलांनो, हे वाक्य नीट ऐका. ‘फक्त तुम्हालाच.’ माणसाला एकटं पाडायला यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आता बग म्हणजे नेमकं काय होत असेल, ते एका उदाहरणाने सांगते. स्कॉटलंडमध्ये डालमेलिंग्टन नावाचं एक गाव आहे. २०१५ साली तिथे ८,००० पौंडांची रोकड एका शाखेतून दुसरीकडे नेली होती आणि तिची संगणकात नोंद करायची होती. पडदा अडकला. आपण काय करतो? पुन्हा बटण दाबतो. तिथेही तेच झालं. एकाच पिशवीची नोंद चार वेळा झाली. संगणकाच्या मते आले ३२,००० पौंड आणि हातात होते ८,०००. म्हणजे २४,००० पौंड कुठे गेले? कुठेच गेले नाहीत, कारण ते कधी आलेच नव्हते. सातवीच्या मुलालाही कळेल असा हा घोटाळा आहे. पण कळण्यासाठी त्या चार नोंदी समोर दिसाव्या लागतात. शाखेतल्या माणसाला आत काय घडलं ते दिसायची सोय नव्हती. ज्यांना दिसत होतं, ते फुजित्सूच्या कार्यालयात बसले होते. त्यांच्याकडे माहीत असलेल्या चुकांची यादी होती. ती यादी प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत असते. माझ्याही आहे. तशी यादी असण्यात काहीच गैर नाही.

गैर सुरू होतं ते पुढच्या पायरीवर. इंग्लंडमध्ये खाजगी व्यक्तीला किंवा संस्थेलाही फौजदारी खटला भरता येतो. पोस्ट ऑफिस हे हक्क फार पूर्वीपासून वापरत होतं. त्याचे स्वतःचे तपासनीस होते, स्वतःचे वकील होते. पैसे गेले म्हणून तक्रार करणारं पोस्ट ऑफिस, तपास करणारं पोस्ट ऑफिस आणि खटला चालवणारंही पोस्ट ऑफिस. फिर्यादी तोच, फौजदार तोच आणि सरकारी वकीलही तोच! शिवाय ते सरकारच्या मालकीचं, त्यामुळे कोर्टात त्याच्या शब्दाला वजन. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवरून ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. त्यांतले सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतः चालवले होते.

यात कायद्याचीही एक गंमत झाली. गंमत म्हणते, पण हसू येण्यासारखी नाही. १९८४ च्या तिथल्या एका कायद्यात असं कलम होतं की संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यायचा असेल, तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागेल. हे फार किचकट पडतं म्हणून ते कलम रद्द झालं. ते अमलात आलं २००० साली. म्हणजे होरायझन शाखाशाखांत बसत होतं, त्याच सुमारास कोर्टाने गृहीत धरायला सुरुवात केली की यंत्र बरोबरच चालत असणार. चूक आहे असं वाटत असेल तर आरोपीने दाखवावी. आणि आरोपीकडे काय होतं? एक पडदा आणि एक हेल्पलाइनचा नंबर.

सीमा मिश्रा यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी बातम्यांत वाचलं असेल. त्या सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटची शाखा चालवत होत्या. आरोप सुमारे ७४,००० पौंडांचा. त्यांनी चोरीचा आरोप नाकारला आणि वकिलांमार्फत होरायझनच्या चुकांची माहिती मागितली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला. फुजित्सूचे एक वरिष्ठ इंजिनिअर तज्ज्ञ म्हणून साक्षीला आले. ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं आणि नोव्हेंबरमध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्या आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

माझ्या वकील मित्रांना ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. खटला चालवणाऱ्या वकिलाचं काम फक्त जिंकणं नसतं. आपल्या बाजूला कमकुवत करणारा किंवा आरोपीला उपयोगी पडेल असा कागद हाती आला, तर तो समोरच्याला द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने हे बंधन घातलेलं आहे. मिश्रांचा खटला सुरू व्हायच्या तीन दिवस आधी पोस्ट ऑफिसच्या एका वरिष्ठ वकिलाकडे ई-मेलने एक टिपण आलं होतं. होरायझनच्या नव्या आवृत्तीतल्या एका बगमुळे सुमारे ६० शाखांचे हिशेब चुकल्याची माहिती त्यात होती. ते टिपण बचाव पक्षाला मिळालं नाही.

तो बग मिश्रांच्या शाखेत नव्हता, असं कुणी म्हणेल. मुद्दा तो नाहीच. ‘यंत्र चुकू शकतं’ एवढं तरी त्या बारा माणसांच्या ज्युरीसमोर यायला हवं होतं.

आता ज्यांच्यासाठी मी ही गोष्ट निवडली, त्या माणसांकडे येते. त्यातले पहिले सायमन क्लार्क. पोस्ट ऑफिसने ज्या वकिलांच्या फर्मला खटल्यांचं काम दिलं होतं, तिथले हे बॅरिस्टर. २०१३ च्या उन्हाळ्यात पोस्ट ऑफिसनेच नेमलेल्या बाहेरच्या लेखातपासनिसांचा अहवाल येणार होता आणि त्यात बगचा उल्लेख होता. क्लार्क यांनी विचारलं की तपासनिसांना हे सांगितलं कुणी? उत्तर मिळालं की, जे इंजिनिअर इतकी वर्षं कोर्टात साक्ष देत होते त्यांनीच. म्हणजे त्यांना बग माहीत होते आणि न्यायालयात दिलेल्या निवेदनांत ते नव्हते. क्लार्क यांनी १५ जुलै २०१३ रोजी आपल्याच अशिलाला लेखी सल्ला दिला की, हा साक्षीदार यापुढे उभा करता येणार नाही, पोस्ट ऑफिसने माहिती उघड करण्याचं कर्तव्य मोडलं आहे आणि जुन्या शिक्षा पुन्हा पाहाव्या लागतील.

मग त्यांच्याच सांगण्यावरून होरायझनच्या अडचणी एकत्र नोंदवायला दर आठवड्याला फोनवर बैठक सुरू झाली. काही दिवसांतच त्यांच्या कानावर आलं की बैठकीची टिपणं नष्ट करायला सांगितलं जातंय. २ ऑगस्ट २०१३ ला त्यांनी दुसरा लेखी सल्ला दिला. त्याचा सारांश असा की नोंद ठेवण्याचं कर्तव्य टाळता येत नाही आणि माहिती लपवण्यासाठी नोंदच न ठेवणं हा गंभीर प्रकार आहे.

क्लार्क यांनी मोर्चा काढला नाही, मुलाखत दिली नाही. दोन कागद लिहिले आणि त्यांवर तारीख घातली. पोस्ट ऑफिसने ते कागद सीमा मिश्रांना पाठवले नाहीत. ते बाहेर यायला सात वर्षं लागली. मिश्रा त्याआधीच तुरुंगात जाऊन आल्या होत्या आणि दरम्यान त्यांचं दुसरं मूल शाळेत जाऊ लागलं होतं. पण कागद होता, म्हणून बाहेर येऊ शकला. अपिलाच्या सुनावणीत तो कोर्टासमोर आला आणि २३ एप्रिल २०२१ रोजी कोर्ट ऑफ अपीलने मिश्रा, हॅमिल्टन आणि इतर अशा ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या.

त्याआधी एक मोठी दिवाणी लढाई झाली होती. वेल्समधल्या क्रेग-इ-डॉन इथले सबपोस्टमास्तर अॅलन बेट्स यांचा करार २००३ मध्येच रद्द केला होता, कारण ते तूट भरायला तयार नव्हते आणि हिशेबाचा तपशील मागत होते. त्यांनी आपले सगळे कागद जपले. २००९ साली त्यांनी आपल्यासारख्या लोकांना एका खेड्याच्या सभागृहात बोलावलं. ‘फक्त तुम्हालाच’ हे वाक्य त्या दिवशी संपलं, कारण खोलीतल्या प्रत्येकाला तेच सांगितलं गेलं होतं. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की जुन्या होरायझनमध्ये बग होते, ते शाखांच्या हिशेबात तूट दाखवू शकत होते आणि फुजित्सूचे लोक शाखेला न कळता दुरून नोंदी घालू शकत होते. ही शेवटची गोष्ट पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं नाकारत आलं होतं. तडजोडीत ५ कोटी ७७ लाख पौंड ठरले. खर्च वजा जाता त्या ५५५ जणांच्या वाट्याला त्यातले साधारण १ कोटी २० लाख आले.

आणि आता चौकशी. निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखाली ती २०२० मध्ये सुरू झाली आणि जून २०२१ पासून तिला कायद्याचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हणजे साक्षीदाराला बोलावता येईल, शपथेवर बसवता येईल, कागद मागवता येतील. अशा चौकशीला स्वतःचा वकील असतो. तो पोस्ट ऑफिसचा नसतो, पीडितांचाही नसतो. त्याचा अशील चौकशी हाच. कुणाला शिक्षा करायचा अधिकार चौकशीला नसतो. काय झालं, केव्हा झालं आणि कुणाला केव्हा माहीत होतं, एवढंच शोधायचं. हे काम तिथे जेसन बीअर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

त्या साक्षींचं चित्रीकरण कुणालाही पाहता येतं. मी रात्री जेवणं आवरल्यावर त्यातल्या बऱ्याच पाहिल्या. आमच्या घरी त्याला ‘आईची मालिका’ म्हणायचे. पण मालिकेतल्या वकिलासारखं तिथे कुणी ओरडत नाही. चौकशीने पहिल्यांदा सबपोस्टमास्तरांनाच बोलावलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्यांची घरं, लग्नं, तब्येती यांचं काय झालं, ते त्यांच्या तोंडून आधी ऐकलं. मग सॉफ्टवेअर. मग तपासनीस आणि वकील. मग वरचे अधिकारी. क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. पुढे कुणी ‘प्रणालीतील विसंगती’ असा गुळगुळीत शब्द वापरला, की ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्या शब्दामागची माणसं माहीत होती.

बीअर यांची पद्धत अशी. आधी साक्षीदाराला हवं ते बोलू द्यायचं. मग पडद्यावर एक कागद आणायचा. मिश्रा खटल्याआधी ज्या वकिलाकडे ते टिपण आलं होतं, त्यांचं म्हणणं होतं की आपल्याला तेव्हा बगची माहिती नव्हती. बीअर यांनी टिपणाची छापील प्रत दाखवली आणि पानाच्या तळाशी नेलं. तिथे बारीक अक्षरांत, कागद छापताना संगणक आपोआप टाकतो तसा, फाईलचा पत्ता छापलेला होता. त्या पत्त्यात त्या वकिलांचंच नाव होतं. म्हणजे टिपण त्यांच्याच संगणकावरून उघडून छापलेलं होतं. मी इंजिनिअर आहे, माझ्या आयुष्यात मी अशा हजारो पत्त्यांकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. त्या दिवशी रिमोट बाजूला ठेवून मी सरळ बसले.

ही चौकशी सोपी नव्हती. पोस्ट ऑफिसकडून कागद वेळेवर येत नव्हते. २०२३ च्या जुलैत तर त्या फुजित्सूच्या इंजिनिअरची साक्ष ऐन वेळी पुढे ढकलावी लागली, कारण हजारो कागद आदल्या दिवसांत येऊन पडले. पण पोस्ट ऑफिसने वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेचा आपला हक्क या चौकशीपुरता सोडून दिला होता. म्हणून एरवी कधीच न दिसणारे सल्ले, ई-मेल, टिपणं सगळ्या देशाने वाचली. जानेवारी २०२४ मध्ये बेट्स यांच्यावरची टीव्ही मालिका आली आणि त्याच वर्षी २४ मे रोजी संसदेने कायदा करून उरलेल्यांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या. जुलै २०२५ मध्ये अहवालाचा पहिला खंड आला. या प्रकरणाच्या छळामुळे किमान १३ जणांनी जीव दिला असण्याची शक्यता आहे, असं त्यात नोंदवलेलं आहे. त्यांना कुठलाही कायदा परत आणू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, हे झालं विलायतेचं. आपला काय संबंध?

आपल्याकडे संगणकाचा पुरावा द्यायचा तर सोबत एक प्रमाणपत्र लागतं. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं आणि पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र हवंच, आणि कुणी देत नसेल तर न्यायालयाकडून मागवून घ्यावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्यात कलम ६३ खाली ठरावीक नमुना दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात लिहून द्यायचं असतं की या काळात संगणक नीट चालत होता, आणि मध्ये बिघडला असेल तर त्याचा या नोंदीवर परिणाम झालेला नाही.

इंग्लंडने जे कलम २००० साली काढून टाकलं, तशी तरतूद आपल्याकडे शाबूत आहे. आपल्या कायद्याबद्दल आपण नेहमी नाकं मुरडतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पण ते वाक्य खरं ठरतं ते खाली सही करणाऱ्यामुळे.

गेल्या वर्षी तो नमुना माझ्या टेबलावर आला. कुठल्या संस्थेसाठी, ते सांगायचं नाही. एका शाखेतल्या कर्मचाऱ्यावर साडेतीन लाखांच्या तुटीचा आरोप होता आणि पुरावा होता आम्ही सांभाळतो त्या प्रणालीतला उतारा. सगळं टाइप करून तयार होतं, फक्त सही करायची होती. मी त्या चार महिन्यांची चुकांची नोंदवही मागितली. पहिला फोन आला तो असा, “मॅडम, एका सहीसाठी एवढं काय?” दुसरा फोन माझ्या वरिष्ठांना गेला. नऊ दिवस लागले. त्या नोंदवहीत एक बग होता, नेट तुटल्यावर काही ठिकाणी एकच व्यवहार दोनदा चढत होता. आम्ही त्या शाखेचे व्यवहार एकेक करून तपासले. तिथे तसं झालेलं दिसलं नाही. तरीही मी त्या बगचा आणि केलेल्या तपासणीचा उल्लेख जोडपत्र म्हणून लावायला सांगितला आणि मगच सही केली. संस्थेला ते आवडलं नाही. ‘समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत दिलंत,’ असं मला सांगण्यात आलं. द्यायलाच हवं होतं. त्या कर्मचाऱ्याने पैसे घेतले की नाही, ते न्यायालय ठरवेल. मला तो माणूस माहीतही नाही. मी फक्त माझ्या यंत्राबद्दल साक्ष देते आहे आणि यंत्राची सगळी हकीकत सांगितल्याशिवाय ती साक्ष पुरी होत नाही.

आमच्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही उत्तर बरोबर असूनही पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून अर्धे गुण कापायचात. आम्ही तेव्हा कुरकुरायचो. आता मी माझ्या हाताखालच्या मुलांना तेच करते आणि तीही कुरकुरतात.

आता विनंत्या करते आणि थांबते. पोस्टात, बँकेत, पतपेढीत, तहसील कचेरीत काम करणाऱ्या माझ्या मित्रांना. खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला की पैसे भरलेत आणि तुमच्या पडद्यावर दिसत नाहीत, तर ‘सिस्टममध्ये असंच दिसतंय’ म्हणून त्याला परत पाठवू नका. त्याची तक्रार तारीख घालून लिहून घ्या. अशाच तक्रारी आणखी किती आल्या, तेही महिन्याकाठी एकदा पाहा.

वकील मित्रांना. समोर संगणकाचा उतारा आला की चुकांची नोंदवही मागा. दुरून नोंद बदलता येते का, कोण बदलू शकतं, हे विचारा. तुमच्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलांनाही हे प्रश्न शिकवा. तांत्रिक भाग समजला नाही तर मला फोन करा. या शाळेच्या कुणाकडूनही मी त्याचे पैसे घेणार नाही, हे इथे सर्वांसमोर जाहीर करते.

आणि मुलांनो, तुमच्यातले काही इंजिनिअर होतील, काही वकील होतील, कुणी सरकारी नोकरीत जाईल. एखाद्या दिवशी तुमच्यासमोर टाइप करून तयार असलेला कागद येईल आणि सगळ्यांना घाई असेल. त्या दिवशी तो वाचायला लागेल तेवढा वेळ घ्या. जे दिसलं ते लिहा, तारीख घाला आणि एक प्रत जपून ठेवा.

चहाची वेळ झालेली आहे, तेव्हा प्रश्न चहाबरोबर घेऊ या.